मास्तरांचे तीन रकाने

ते कधीच कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. तरी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये मालकापासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. आयटीआय झालेले, हाताखाली बावीस माणसं, पदाचं नाव सुपरवायझर. आम्ही लोखंडी टाक्या, ट्रॉल्या, स्टँड, कन्व्हेयर असं जे कुणी सांगेल ते बनवून द्यायचो. शहरात नवे कारखाने येत होते आणि त्या प्रत्येकाला काही ना काही वेगळंच हवं असायचं.

मी डिप्लोमा करून तिथं ड्रॉइंगच्या टेबलाला लागलो. अजिंठ्याच्या बाजूचा मी, वडील मेंढरं राखायचे. खुर्चीवर बसून पगार मिळतो यावर माझा पहिले सहा महिने विश्वास बसत नव्हता.

पहिल्याच आठवड्यात मी मास्तरांना गिऱ्हाइकाशी बोलताना पाहिलं. गिऱ्हाईक समोर बसलं की ते रद्दीतल्या जुन्या ड्रॉइंगची कोरी बाजू वर करायचे, पट्टी लावून तीन रकाने पाडायचे आणि निळ्या पेन्सिलीनं वर लिहायचे: याशिवाय घेणार नाही. असलं तर बरं. नसलं तरी चालेल. मग कागद समोर सरकवायचे.

"साहेब, आता भरा."

माणूस सगळ्याच अटी पहिल्या रकान्यात लिहायला लागायचा. पण पहिल्या रकान्यात त्यांनी तीनच ओळी आखलेल्या असायच्या. चौथी अट आली की माणूस वर बघायचा.

"मास्तर, जागा संपली."

"मग एक खाली उतरवा."

"सगळ्याच महत्त्वाच्या आहेत."

यावर ते चहा मागवायचे आणि खिडकीतून बाहेर बघत बसायचे. मी एका माणसाला पाऊण तास त्या कागदापुढं बसलेलं पाहिलंय. शेवटी त्यानं स्वतःच दोन अटी खोडल्या आणि जाताना म्हणाला, "आम्हाला काय पाहिजे ते आम्हालाच आज कळलं." मास्तरांनी मान हलवली, जसं काही हे रोजचंच आहे. आणि ते रोजचंच होतं.

हा नाद त्यांना फक्त कामापुरता नव्हता. न्हाव्याकडे गेले तर खुर्चीत बसताना सांगायचे, "मानेला कापायचं नाय ही एक अट. बाकी तुझी मर्जी." मी खोली शोधत होतो तेव्हा मलाही कागदापुढं बसवलं. मी पहिल्या ओळीत 'खिडकी' लिहिलं होतं. त्यांनी ते बघितलं आणि विचारलं, "संडास कुणाकुणात आहे?" मी खिडकी खाली उतरवली.

आमचा वेल्डर रोशनगेटकडचा, वयानं सगळ्यांत मोठा, सगळे त्याला चाचा म्हणायचे. तो हसून म्हणायचा, "मास्तर तीन खाने पाडे बगैर चाय भी नै पीते मियाँ." मास्तरांना त्याचा राग यायचा नाही. चाचाच्या हातची वेल्डिंग ते डोळे झाकून पास करायचे. दुसऱ्या कुणाचीही नाही.

त्यांची आणखी एक खोड होती आणि तिच्यामुळं मालक घायकुतीला यायचे. ऑर्डर देणाऱ्याचं ऐकून घेतल्यावर ते विचारायचे, "हे वापरणार कोण?" आणि वापरणारं माणूस आल्याशिवाय ते कागदावर सही करायचे नाहीत.

औषधांच्या एका कारखान्याचा खरेदी अधिकारी बाटल्या न्यायच्या ट्रॉलीची ऑर्डर घेऊन आला होता. अकरा अटी टाइप करून आणलेल्या. पहिली अट चकाकी. मास्तरांनी विचारलं, "ढकलणार कोण?"

"बायका आहेत पॅकिंगला."

"त्यातली एक घेऊन या."

साहेब तडक उठून मालकांच्या केबिनमध्ये गेले. मालकांनी मास्तरांना आत बोलावलं, बरंच समजावलं. मास्तर सगळं ऐकून बाहेर आले आणि आपल्या जागेवर बसले. चौथ्या दिवशी साहेब एका बाईला घेऊन आले. बुटकी, डोक्यावर पदर, खुर्चीवर बसायला तयार नाही. मास्तर मग स्वतःच उठून उभे राहिले आणि तिच्याशी उभ्यानंच बोलले.

"ताई, आत्ताच्या गाडीत काय तरास व्हतो?"

ती साहेबांकडे बघायला लागली. साहेब म्हणाले, सांगा.

"दांडा लई उंच हाय. खांदे दुखतेत. अन् वळताना गाडी माझ्याच पायावर येती."

साहेबांच्या अकरा अटींत यातली एकही नव्हती. दांडा खाली घेतला, पुढची चाकं फिरती केली. चकाकी दुसऱ्या रकान्यात गेली. पुढं तेच साहेब नवीन काम आणताना बरोबर एखाद्या कामगाराला आणायचे, न सांगता.

हे सगळं मजेनं सांगतोय, पण मास्तरांविषयी मला जे खरं सांगायचं आहे ते एका पाण्याच्या टाकीचं आहे.

कन्नडच्या बाजूच्या एका गावाला लोखंडी टाकी, तिचा स्टँड आणि गावात नळाची लाइन करून हवी होती. सरपंच स्वतः जीप घेऊन आला. तिशीचा असेल, पांढरे कपडे, बोलायला चांगला. बरोबर एक पाहुणा. मास्तरांनी गावाचं नाव ऐकलं आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक होतं. तरी काढत राहिले.

सरपंचानं अटी भराभर सांगितल्या. टाकी सडकेवरून दिसली पाहिजे, एवढी उंच. तिच्यावर त्याच्या वडिलांचं नाव मोठ्या अक्षरांत. वडील गावचे पाटील होते, दोन वर्षांपूर्वी वारले होते. मग दोन्ही वेळा पाणी. मग टाकी मजबूत. मग एक नळ त्याच्या दारासमोर.

मास्तरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "नाव हाय पण पाणी नाय, अशी टाकी घ्याल का?"

"नाय."

"पाणी हाय पण नाव नाय?"

सरपंच थांबला. मग म्हणाला, "घ्यावी लागंल."

"मग नाव कुठं लिहू?"

"लिहा तिसऱ्यात," तो हसत म्हणाला.

बरोबरच्या पाहुण्याला मात्र ते झोंबलं. मास्तरांचं आडनाव त्यानं मालकांकडून ऐकलं होतं. तो म्हणाला, "मास्तर, तुमच्या माणसांचं तर इतकी वरसं नावासाठीच चाललंय समदं. विद्यापीठाला नाव द्या म्हणून मोर्चे, जेल. अन् आमच्या पाटलाचं नाव तिसऱ्या रकान्यात व्हय?"

शेडमधलं ग्राइंडर नेमकं तेव्हाच बंद झालं. मला वाटलं मास्तर कागद फाडतील. ते शांतपणे म्हणाले, "मी नाय टाकलं. सरपंचांनी टाकलं. ज्याची अट त्यानं तिची जागा ठरवायची. आमच्या माणसांना कागद दिला तर ते पहिल्या ओळीत नाव लिहितेन. त्यांचं त्यांनी ठरवलंय."



पुढं काही वर्षांनी विद्यापीठाच्या जुन्या नावाआधी नवं नाव जोडलं गेलं, तेव्हा मी मास्तरांना विचारलं होतं की असं जोडून दिलेलं चालतं का. ते म्हणाले, "मला कुणी इचारलं असतं तर मी एकच नाव लिहिलं असतं. कुणी इचारलं नाय." थोड्या वेळानं म्हणाले, "पण मी गेटपाशी जाऊन आलो. अर्धा तास उभा व्हतो." एवढंच. पण ते पुढचं.

त्या दिवशी सरपंच निघताना मास्तर म्हणाले, "पाणी भरणाऱ्या बाया घेऊन या."

पुढच्या आठवड्यात जीपमधून सहा बायका आल्या. सरपंचाची आई होती, चुलती होती, बाकी शेजारच्या. मास्तरांनी सगळ्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "गावातल्या समद्या आळ्यांतल्या आल्यात का?"

सरपंच म्हणाला, "जीपमध्ये जागा किती असती मास्तर."

"मग दुसरी फेरी करा. बौद्ध वस्तीतलं कुणी दिसत नाय."

मालक केबिनच्या काचेतून बघत होते. सरपंचाच्या कपाळावर आठी होती. पण टाकी त्याला निवडणुकीआधी उभी करायची होती आणि आमच्याइतकं चांगलं काम त्या भागात कुणी करत नव्हतं. चार दिवसांनी तो परत आला. या वेळी आई, चुलती आणि वस्तीतल्या तिघी. त्या तिघी जीपच्या मागच्या फळीवर बसून आल्या होत्या आणि इथंही दाराशीच उभ्या राहिल्या. मास्तरांनी स्वतः बाक ओढून आणला.

त्यांतल्या एकीनं बसता बसता मास्तरांकडं निरखून बघितलं. पन्नाशीची बाई, कपाळावर गोंदण. म्हणाली, "तू शेवंताचा ल्योक न्हाय का रं?"

मास्तर म्हणाले, "व्हय मावशी."

"शेवंता हाय?"

"हाय. माझ्याजवळच हाय, पडेगावला."

बाईनं डोळ्याला पदर लावला. सरपंच खाली बघत होता. मला काही कळत नव्हतं, पण हे कळलं की ज्याला कळायला हवं होतं त्याला कळलं आहे.

मास्तरांनी कागद पुढं केला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "बोला, काय पायजे?"

ती मावशी म्हणाली, "आमच्याकडं नळ द्या. आन् त्यांच्या हंड्याला जेवढा येळ लागंल तेवढाच आमच्या हंड्याला लागला पायजे. न्हायतर नळ आसून सुतळीएवढी धार. आमी बसायचं दिवसभर."

सरपंच म्हणाला, गावातलाच नळ वापरता येईल की, वेगळा कशाला. तेव्हा त्याची आई पहिल्यांदा बोलली. "त्यांना तिकडंच दे बाबा. आमच्या नळावर गर्दी नको. लिही मास्तर, वरच्या खान्यात लिही."

ती असं का म्हणाली हे तिथल्या सगळ्यांना समजलं. वस्तीतल्या तिघींनाही. मास्तरांनी मान वर केली नाही. पहिल्या रकान्याच्या तिसऱ्या ओळीत त्यांनी लिहिलं: वस्तीच्या नळावर हंडा भरायला गावातल्या नळाइतकाच वेळ. त्यांच्या कागदावर कारण लिहायला रकाना नव्हता.

पहिल्या दोन ओळी आधीच भरल्या होत्या. दोन्ही वेळा पाणी, आणि टाकी मजबूत, गळती नको. सरपंचानं सही केली. खाली तीन बायकांचे अंगठे आणि दोघींच्या सह्या. कुठल्याही कंपनीच्या ऑर्डरवर मी एवढी माणसं पाहिलेली नाहीत.

टाकी झाली, स्टँड झाला, लाइन टाकून झाली. पाइपचं ड्रॉइंग माझं होतं. शेवटी मोठा पाइप कमी पडत होता आणि नाल्यापलीकडचा वस्तीचा तुकडा मी बारीक पाइपचा धरला. टोकालाच तर आहे, एवढं पाणी कशाला लागतंय, असं मनात आलं होतं. तेव्हा ते विशेष वाटलं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी गाव जमा झालं. मास्तरांनी कागद काढला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचली. पाणी चढलं, टाकी गळली नाही. गावातल्या नळाखाली हंडा ठेवला, मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मिनिटाच्या आत हंडा भरला. मग सगळे नाला ओलांडून वस्तीत गेले. तोच हंडा त्या नळाखाली ठेवला. धार आली, पण बारीक. मास्तर घड्याळ बघत उभे राहिले. हंडा भरायला चार मिनिटं लागली.

सरपंच म्हणाला, "पाणी आलं ना मास्तर? झालं की. आणा, सही करतो."

मास्तरांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. "हे काम आमचं नापास हाय."

"अवो, मी म्हणतो पास हाय. गिऱ्हाईक मी हाय."

"सही तुमची एकट्याची नाय या कागदावर."

त्यांनी मावशीकडं बघितलं. तिनं हंडा उचलून कमरेवर घेतला आणि घरात गेली. नाही म्हणायला तेवढं पुरलं.

मी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं की तो तुकडा मी बारीक धरला. ते म्हणाले, "ड्रॉइंगवर तपासल्याची सही माझी हाय. तू एसटी पकड, मालकाला सांग, मोठा पाइप अन् चाचाला पाठवून द्या. मी इथंच राहतो."

मालक ऐकून आधी लाल झाले. "गिऱ्हाईक सही करायला तयार आणि आपला माणूस नको म्हणतो?" टेबलावरचं पेपरवेट दोनदा फिरवलं. मग म्हणाले, "पाइप घेऊन जा. आणि त्याला म्हणावं, पुढच्या वेळी आधी सही घे आणि मग नापास कर."

आठ दिवस आम्ही त्या गावात राहिलो. मास्तर मावशीच्या घरी झोपायचे, मी आणि चाचा शाळेच्या व्हरांड्यात. दुपारी जेवायला बसलो असताना चाचानं या गावाशी नातं काय असं विचारलं तेव्हा मास्तर पहिल्यांदा बोलले. नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात वस्तीतली सात घरं जाळली होती. त्यांतलं एक त्यांचं. "जाळणारे बाहेरून आले व्हते म्हणतेत," ते म्हणाले. "आमचे पाटील ओट्यावर बसून व्हते. उठले नाय." त्यानंतर ते आईला घेऊन शहरात आले. अकरा वर्षं या गावाचा रस्ता धरला नव्हता.

आमच्या गावातही त्या दिवसांत तसंच झालं होतं. मी म्हणालो, "मास्तर, आमच्या घराचं दार त्या दिवशी आतून लावलं होतं."

"तू केवढा व्हतास?"

"बारा वर्षांचा."

"दार कुणी लावलं?"

"वडिलांनी."

"इचारलं का त्यांना कधी?"

"नाही."

"इचार," ते म्हणाले आणि ताटातला कांदा माझ्याकडं सरकवला. मी त्या दिवाळीला विचारलं. वडील बराच वेळ तंबाखू मळत राहिले, मग म्हणाले, भ्यालो होतो.

नवव्या दिवशी मोठ्या पाइपनं पाणी सोडलं. मास्तरांनी पुन्हा घड्याळ लावलं, दोन्हीकडे. या वेळी मावशीनं स्वतः हात वर करून सांगितलं, बरोबर हाय. सरपंचानं सही केली, बायकांनी पुन्हा अंगठे दिले.

आम्ही सामान टेम्पोत टाकत होतो तर मास्तर रंगाचा डबा घेऊन टाकीच्या शिडीवर चढले. त्यांचं अक्षर देखणं होतं. उन्हात दोन तास उभं राहून त्यांनी पाटलांचं नाव लिहिलं, मोठं, सडकेवरून वाचता येईल असं. चाचा खालून म्हणाला, "उस आदमी का नाम तुम लिख रे?"

"कागदावर हाय चाचा. तिसऱ्या रकान्यात का असंना, हाय."

सरपंच खाली उभा राहून बघत होता. मास्तर उतरले तेव्हा त्यानं त्यांच्या हातातला डबा घेतला. वेशीपर्यंत आमच्याबरोबर चालत आला. वस्तीच्या कडेला लिंबाखाली एक दगडी जोतं होतं, त्यावर कडबा रचलेला. मास्तर तिथं थांबले. सरपंच हळू आवाजात म्हणाला, "जागा तुमचीच हाय मास्तर. कडबा उद्या उचलतो. बांधा परत."

"आईला इचारतो," मास्तर म्हणाले.

पडेगावला टेम्पो त्यांच्या दारात थांबला तेव्हा ऊन उतरलं होतं. आई अंगणात मेथी निवडत बसली होती. मास्तर तिच्याजवळ जमिनीवर बसले. नळ कुठं बसवला, कोण कोण भेटलं, सगळं सांगितलं. तिनं एकेकाचं नाव घेऊन विचारलं. कोण गेलं, कुणाच्या पोरी कुठं दिल्या. मग मास्तर म्हणाले, "सरपंच म्हणतो, जागा तुमची हाय, घर बांधा."

आईचे हात थांबले नाहीत. "मला तिथं झोप लागायची न्हाय," ती म्हणाली. "तुला बांधायचं तर बांध. मी इथं बरी हाय."

"मग नाय बांधत."

तिनं निवडलेली मेथी सुपात घेतली, उठली, आणि दारातून वळून म्हणाली, "पण जोतं मोडू देऊ नगं. तुझ्या बापानं हातानं घडवलेलं दगड हायेत."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सरपंचाला पोस्टकार्ड लिहिलं. मी वाचलं, कारण ते पेटीत मीच टाकलं. घर बांधणार नाही. कडबा ठेवायला हरकत नाही. दगड हलवू नयेत.

उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी टाकीच्या व्हॉल्व्हसाठी मला त्या गावी जावं लागलं, तेव्हा मी मुद्दाम लिंबाखाली गेलो. कडबा नव्हता. जोतं जसंच्या तसं होतं, कोपऱ्यातला एक निसटलेला दगड कुणीतरी परत बसवून चुन्यानं सांधला होता. परत येऊन मी मास्तरांना तेवढं सांगितलं. ते ड्रॉइंग बघत होते, बघतच राहिले.

मग म्हणाले, "हे आईला जाऊन सांग. मला नको, तिला सांग."

मी त्याच संध्याकाळी सायकल काढली आणि पडेगावला गेलो.